पलंगाखालचा व्यापार

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर कोपरे झिजलेला, मधोमध दुमडणारा एक चौकोनी पुठ्ठा पसरलेला दिसतो आहे ना, तोच मी. व्यापाराच्या खेळाचा जुना पट. माझ्यावर एक अख्खे शहर छापलेले आहे. चारही कडांनी रस्ते, बाजार, रेल्वे स्थानक, पाण्याची टाकी, एक तुरुंग आणि फुकट बसायला बागेतला एक बाक. या शहरात फासे टाकून फिरायचे, जागा विकत घ्यायच्या, घरे बांधायची, आणि जो कोणी आपल्या दारात येऊन पडेल त्याच्याकडून भाडे वसूल करायचे. ज्याच्या नोटा संपल्या तो बाद. शेवटी एकच जण उरतो आणि सारे शहर त्याच्या घशात जाते.

ऐकताना खेळ फार निर्दयी वाटतो, नाही? वाटणारच. पण मी ज्या घरात आलो तिथे काही वेगळेच घडले. ते सांगतो.

माझा जन्म एका छापखान्यातला. छापखाना म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. एरवी तिथे पावतीपुस्तके आणि औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या छापत. काम कमी असले की यंत्र बसून राहू नये म्हणून मालकाने खेळ छापायला घेतले. माझ्या अंगावरून यंत्र चार वेळा फिरले. आधी पिवळा रंग, मग लाल, मग निळा आणि शेवटी काळा. काळा बसेपर्यंत मी कोण आहे ते माझे मलाच कळत नव्हते. नुसते रंगांचे ढग होते. काळी शाई आली, रस्त्यांना कडा आल्या, अक्षरे उमटली आणि मी शहर झालो.

रस्त्यांची नावे तिथल्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने ठेवली होती. जुळारी म्हणजे शिशाचे एकेक अक्षर वेचून ओळी जुळवणारा माणूस. सगळ्यांत स्वस्त जागेला त्याने 'चिखल गल्ली' हे नाव दिले, कारण तो स्वतः तसल्याच गल्लीत राहत होता. सगळ्यांत महागड्या जागेला नाव दिले 'दिवाणखाना मार्ग'. मालक म्हणाला, "असला मार्ग कुठे असतो का?"

"श्रीमंतांच्या वस्तीत मी कधी गेलोय?" जुळारी म्हणाला. "असेल तिथे असंच काहीतरी."

माझ्या कुळाची हकीकतही मी त्याच्याच तोंडून ऐकली. दुपारी डबे सोडून बसले की तो बाइंडिंग करणाऱ्या बाईंना सांगत असे. पुष्कळ वर्षांपूर्वी, लांबच्या मुलखात, एका बाईने हा खेळ पहिल्यांदा काढला. जागा ज्याच्या हातात त्याचेच खिसे फुगत जातात आणि भाडे भरणारा मेटाकुटीला येतो, हे लोकांना खेळता खेळता कळावे, एवढाच तिचा हेतू होता. तिने नियमही दोन तऱ्हांचे केले होते. एका तऱ्हेत एकच जण सगळे गिळतो. दुसरीत एकाचे भले झाले की सगळ्यांचेच थोडे थोडे भले होते. लोक हा खेळ घरोघरी मेणकापडावर स्वतःच्या हाताने काढून खेळू लागले.

"मग? आता कुठली तऱ्हा चालते?" बाइंडरबाईंनी विचारले.

"गिळायची."

"लोक म्हणजे लोकच!" असे म्हणत बाईंनी माझ्या घडीवर कापडाची पट्टी चिकटवली, वरून घडी दाबून बसवायची हाडाची पट्टी फिरवली आणि मला वीसेक वेळा उघडून मिटून पाहिले. घडी हलली नाही. त्यांनी मला खोक्यात घातले.

एका दुकानाच्या काचेत मी अख्खा उन्हाळा काढला. उन्हाने माझा तुरुंगाचा कोपरा फिका पडला. येणारी मुले काचेला नाक लावून मला बघायची आणि चेंडू घेऊन जायची. मग एके दिवशी एक दणकट माणूस आत आला. त्याच्या नखांत काळे तेल मुरलेले होते. तो एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत मिस्त्री होता. वर्षातले नऊ-दहा महिने तो पाण्यावर असायचा आणि उरलेले दिवस घरी.

"किती जण खेळणार?" दुकानदाराने विचारले.

"आम्ही चौघं."

"मग हा न्या. एकच सांगून ठेवतो, याचा डाव लवकर आटपत नाही."

"तेच तर हवंय," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने मला काखेत मारले.

घर दुसऱ्या मजल्यावर होते. खाली सायकल दुरुस्तीचे दुकान आणि वर या दोन खोल्या. घरात मिस्त्रींखेरीज तीन माणसे. मिस्त्रींची बायको म्हणजे मुलांची आई, दवाखान्यात नर्स होती. थोरला मुलगा बारा वर्षांचा. कुठल्याही गोष्टीत तो आधी नियम काय ते विचारायचा, म्हणून घरात त्याचे नाव वकीलसाहेब पडले होते. धाकटी सहा वर्षांची. एका जागी बसणे तिला माहीतच नव्हते, म्हणून ती भिंगरी.

मला जमिनीवर पसरले आणि वकीलसाहेबांनी नियमांचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. तोवर भिंगरी दोनदा बाहेर जाऊन आली. आई म्हणाली, "मला त्या खरेदी-विक्रीत ओढू नका हं. मी आपली बँक सांभाळते." मुलांनी लाल आणि हिरवी सोंगटी घेतली. मिस्त्रींनी खिशातून एक पितळी नट काढून माझ्यावर ठेवला.

"बाबा, ही सोंगटी नाहीये," वकीलसाहेब म्हणाले.

"माझ्या इंजिनातला आहे तो. माझ्याइतकाच फिरलाय. चालव की रे."

वकीलसाहेबांनी कागद पुन्हा पाहिला. कागदात नटाला मनाई नव्हती. नट चालला.

मित्रांनो, मिस्त्रींसारखा वाईट व्यापारी मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पाय पडेल ती जागा ते घेऊन टाकायचे. हातात दमडी शिल्लक ठेवायचे नाहीत. भिंगरीला चिखल गल्लीचा फार लळा होता, कारण तिथे छोटेसे घर बांधायला सगळ्यांत कमी नोटा लागत. आपण नेमके तिथेच पडावे म्हणून मिस्त्री फाशांना गोंजारायचे. आणि ती त्यांच्या जागेवर येऊन पडली की हे नुसते दुसरीकडे बघत बसायचे.

"अहो, भाडं घ्या की!" आई म्हणायची.

"माझ्याच पोरीकडून?"

"नियमात नाही बसत," वकीलसाहेब म्हणायचे.

"मग पाहुणी म्हणून आली समज. पाहुण्यांकडून भाडं घेतात होय?"

तीन दिवस रोज संध्याकाळी डाव रंगला. चौथ्या दिवशी सकाळी खाली गाडीचा भोंगा वाजला. मिस्त्रींची बॅग दारात भरून तयार होती. वकीलसाहेब सोंगट्या गोळा करायला वाकले तसा बापाने त्यांचा हात धरला.

"मोडू नकोस. मी आलो की इथूनच पुढे."

आईने एक फळी आणली. मला तसेच, सोंगट्या-घरांसकट, अलगद फळीवर घेतले आणि पलंगाखाली सरकवले. प्रत्येकाच्या नोटा त्याच्या त्याच्या बाजूला, वर एकेक बटण वजनाला ठेवलेले. नऊ महिने मी तसाच उघडा पडून होतो. आई केर काढायला यायची तेव्हा झाडू बाजूला ठेवायची आणि ओणवी होऊन फडक्याने माझी धूळ टिपायची. नटाभोवतीची धूळ टिपताना श्वास रोखून धरायची.

एकदा शेजारचे मांजर आत शिरले आणि माझ्यावर ऐसपैस झोपले. उठले ते सगळे शहर उधळूनच. कोण कुठे होते यावरून भावंडांची जी जुंपली, ती सोडवायला आईला दवाखान्यातला नर्सचा आवाज काढावा लागला. सगळे पुन्हा जागच्या जागी लावल्यावर तिने पेन्सिलीने प्रत्येक सोंगटीभोवती बारीक गोल काढले. ते गोल अजून माझ्या अंगावर आहेत. बाप घरी आला की डाव पुढे सरके. तो गेला की नवे गोल पडत. तुम्ही मला उजेडात तिरके धरलेत तर ते एकाखाली एक दिसतील.

असा हा एकच डाव चार वर्षे चालला. वकीलसाहेबांनी रेल्वे स्थानक मिळवले. त्यावर त्यांचा एवढा जीव होता की तीन रस्त्यांच्या बदल्यातही ते दिले नाही. भिंगरीची चिखल गल्ली घरांनी भरून गेली. मिस्त्री मात्र खेळात कंगाल होत चालले होते. चौथ्या खेपेला ते निघाले तेव्हा त्यांच्याकडे तीन नोटा आणि पाण्याची टाकी एवढेच उरले होते.

"पुढच्या वेळी बाबा नक्की बाद," वकीलसाहेब म्हणाले.

भिंगरी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने विचारले, "बाद झालं की काय होतं रे?"

"काय होणार? त्याची सोंगटी उचलायची. तो खेळात नसतो."

 त्याच दुपारी, दादा शाळेत आणि आई दवाखान्यात असताना, भिंगरी पोटावर सरपटत पलंगाखाली आली. तिने आपल्या नोटांतून एक काढली, बापाच्या तीन नोटांखाली सारली आणि बटण परत होते तसे ठेवले. बाहेर जाताना पलंगाच्या फळीला डोके आपटले तरी रडली नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात मिस्त्रींची पत्रे यायची थांबली.

आधी कोणी मनावर घेतले नाही. जहाज लांब असले की पत्रे मागेपुढे होतातच. मग तीन आठवडे झाले. मग पाच. जहाजाच्या कंपनीचे शहरात एक छोटे कार्यालय होते. आई तिथे जाऊ लागली. ती घरी येऊन मुलांना सांगायची, तेव्हा मी खाली ऐकत असायचो. तिथला कारकून रोज एकच बोलायचा, "बातमी आली की कळवू, बाई." सहाव्या आठवड्यात तिने त्याला सांगितले, "घरी नका कळवू. इथंच सांगा. मी बसलेच आहे." आणि दवाखान्यातली पाळी संपली की ती रोज त्या कार्यालयातल्या बाकावर जाऊन बसू लागली.

पलंगाखालून माणसांचे पाय तेवढे दिसतात, मित्रांनो. तुम्हाला खोटे वाटेल, पण पायांवरून सगळे कळते. वकीलसाहेब घरात आले की आधी दारातच उभे राहायचे, पत्र आले का ते बघायला. भिंगरीचे पाय भिंगरीसारखे फिरायचे थांबले. आईची पावले पलंगापाशी येत, थांबत आणि परत जात.

एके दिवशी ती परत गेली नाही. दवाखान्यातून नुकतीच आली होती, अंगावर पांढरा गणवेश तसाच होता. ती जमिनीवर बसली, वाकली आणि तिने बँकेचा डबा ओढला. चार वर्षांत तिने कधी एका नोटेचा हिशेब चुकू दिला नव्हता. त्या दिवशी तिने डब्यातली एक अख्खी जुडी उचलली आणि नवऱ्याच्या नोटांवर ठेवली. मग थोडा वेळ तिने तो पितळी नट दोन बोटांत धरून ठेवला. परत ठेवताना तो पेन्सिलीच्या गोलात नीट बसला की नाही ते दोनदा पाहिले.

भिंगरी आता जवळपास रोजच यायची. कधी एक नोट, कधी दोन. चिखल गल्लीची मालकीण हळूहळू कफल्लक होत होती.

वकीलसाहेब सगळ्यांत शेवटी आले. समोर खेळाडू नसताना व्यवहार करायचा नाही, हा नियम त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवला होता. ते बराच वेळ नुसते माझ्याकडे बघत पडून राहिले. सोळा वर्षांचा मुलगा, पाय पलंगाबाहेर लांब गेलेले. मग त्यांनी बँकेला हात लावला नाही, कोणाच्या नोटांना हात लावला नाही. आपले रेल्वे स्थानकाचे मालकीपत्र उचलले आणि बापाच्या बाजूला पालथे ठेवले. निघाले, पुन्हा मागे आले, आणि ते तिरके पडलेले पत्र सरळ केले.

तिघांनीही एकमेकांना अवाक्षर सांगितले नाही. मला मात्र सगळे माहीत होते आणि मला तोंड नव्हते.

नवव्या आठवड्यात त्या बाकावर आईला बातमी मिळाली. इंजिनखोलीत वाफेचा नळ फुटला होता. जहाज बंद पडून कित्येक दिवस भरकटले होते, मग दुसऱ्या जहाजाने ओढून कुठल्याशा लांबच्या बंदरात नेले होते. मिस्त्री जिवंत होते. तिथल्या रुग्णालयात होते.

ते घरी आले तेव्हा त्यांच्या पावलांवरून मी त्यांना ओळखले नाही. एक पाय जपून टाकत होते. डाव्या हातावर भाजल्याचे गुलाबी व्रण होते आणि दोन्ही कानांचे ऐकणे बरेचसे गेले होते. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते ओरडून बोलायचे. सायकलच्या दुकानातला माणूसही मान वर करून बघायचा.

आल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला पलंगाखालून ओढले. सगळे भोवती बसले. त्यांनी बटण उचलले आणि आपल्या नोटांकडे पाहिले. नोटांचा ढीग बटणाला दाद देत नव्हता. खाली पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारी रेल्वे स्थानक.

"हे काय?" ते गरजले. "मी तिकडे बुडत होतो आणि इथं माझा धंदा कोण चालवत होतं?"

भिंगरी फाशांकडे बघू लागली. वकीलसाहेब नियमांच्या कागदात काहीतरी शोधू लागले. आई म्हणाली, "चहा टाकते," आणि उठली. पण स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन तिथेच पाठ करून उभी राहिली.

मिस्त्रींनी एकेकाकडे पाहिले. पाठमोऱ्या बायकोकडेही पाहिले. मग तो भाजलेला हात त्यांनी त्या ढिगावर ठेवला, आणि या खेपेला त्यांचा आवाज, का कोण जाणे, अगदी हळू आला.

"मग आता मला बाद करणं काही कोणाला जमायचं नाही."

त्यावर कोण हसले, कोण रडले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण चौघांचे हात माझ्यावर पडले आणि शहराची पार दाणादाण उडाली.

मला वाटले, आता माझे सुखाचे दिवस आले. बाप घरी, आता रोज संध्याकाळी डाव. पण मित्रांनो, गंमत अशी झाली की नेमकी तिथूनच माझी उपेक्षा सुरू झाली. मिस्त्रींना जहाजाची नोकरी सोडावी लागली. शहराला पाणी देणाऱ्या पंपघरात त्यांना काम मिळाले. ते रोज जायचे आणि रोज परत यायचे. आणि जो माणूस रोज घरी येतो त्याच्याबरोबर उद्याही खेळता येते. "उद्या बसू," असे म्हणत त्यांनी मला फळीवरून उचलले, मिटले, खोक्यात घातले आणि कपाटावर ठेवले. ज्या दिवसाची त्या घराबरोबर मीही वाट पाहिली होती, त्याच दिवसाने माझे काम संपवले. मी रागावलो नाही. पण कपाटावरून पलंग दिसायचा, आणि त्याच्याखालची ती जागा आता रिकामी होती.

वर्षे गेली. घराला रंग दिला तेव्हा खोक्यावर पांढरे थेंब पडले. वकीलसाहेब वकील झाले नाहीत. ते रेल्वेत लागले आणि गाड्यांची वेळापत्रके बसवू लागले. बदली होईल तसे गावोगाव फिरू लागले. भिंगरी शिकली, एका लांबच्या शहरात प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि तिथेच तिने संसार थाटला. एकदा डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारायला पुठ्ठा हवा होता. माझे खोके खाली आले. आईने झाकण उघडले, मला पाहिले, पेन्सिलीच्या एका गोलावरून बोट फिरवले आणि दुसरा पुठ्ठा शोधायला गेली. पण त्या दिवशीही तिने मला पसरले नाही.

मिस्त्रींचे कान पूर्ण गेले. मुलांचे फोन आले की आई बोलायची. मिस्त्री शेजारच्या खुर्चीत बसून तिच्या तोंडाकडे बघायचे. ती हसली की हसायचे. "काय म्हणाली?" असे विचारायचे. आई दहा वाक्यांतले एक कागदावर लिहून दाखवायची. "बरी आहे." मग हळूहळू त्यांनी विचारणेही सोडले. फोन वाजला की ते उठून खिडकीपाशी जायचे. वरून मला त्यांची पाठ दिसायची.

गेल्या वर्षी भिंगरी चार दिवसांसाठी आली. बरोबर तिची मुलगी, सात वर्षांची. ती आजोबांना भीत होती. ते ओरडून बोलत, तिने उत्तर दिले की ते त्यांना ऐकू येत नसे, मग ते पुन्हा ओरडत. दुसऱ्या दिवशी ती भिंगरीच्या पदराआड बसून राहिली. भिंगरीने इकडे तिकडे पाहिले, स्टुलावर चढली आणि मला खाली काढले.

नोटांच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. अर्धी घरे हरवली होती. त्यांच्या जागी आईने डाळीचे दाणे दिले. जुना डाव कुठवर आला होता ते कोणालाच आठवेना, म्हणून सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. आणि मग मी जे पाहिले त्याचे मला अजून नवल वाटते. फाशांवरचे ठिपके ऐकावे लागत नाहीत. भाडे किती ते मालकीपत्रावर बोट ठेवले की कळते. नात बोट दाखवायची, आजोबा नोट द्यायचे. त्यांनी मुद्दाम चूक केली की ती कपाळावर हात मारायची, आणि ते पोट धरून हसायचे. पहिला अर्धा तास भिंगरी मध्ये बसून दोघांना एकमेकांचे समजावत होती. मग तिच्या लक्षात आले की आपले इथे काही काम नाही. ती हळूच उठून आईपाशी गेली. दोघी दारात उभ्या राहून बघत राहिल्या. कोणी चहा टाकला नाही.

चार दिवस संपल्यावर भिंगरी आणि नात परत गेल्या. पण नातीने जाताना अट घातली. दर रविवारी सकाळी दहा वाजता ती तिकडून फोनवर दिसेल. आपले फासे ती तिकडे टाकेल, आजोबा त्यांचे इकडे टाकतील आणि दोघांच्याही सोंगट्या हलवतील. फासे पडद्यावर नीट दिसत नाहीत म्हणून ती बोटे दाखवते. दहापर्यंत हातांची बोटे पुरतात. अकरा पडले की एक पाय वर, आणि बारा पडले की दोन्ही पाय वर करून ती खुर्चीतून घरंगळते. आजोबांना बारा सगळ्यांत जास्त आवडतात, मग त्यात त्यांचे दिवाळे का निघेना.

त्या दिवसापासून मी या टेबलावर आहे. जेवायला टेबल उरले नाही. दोघे ताट मांडीवर घेऊन जेवतात. आईची तक्रार नाही.

मागच्या रविवारी मिस्त्रींनी साडेनऊलाच दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन पुस्तकाला टेकवून उभा केला. त्यांचे फासे हातात होते. दहा वाजले. साडेदहा झाले. आई म्हणाली, "अहो, पोरं आहेत. गेली असतील कुठे." मग आपण बोललेले त्यांना ऐकू जात नाही हे आठवून तिने ते कागदावर लिहिले. त्यांनी वाचले, मान हलवली आणि फासे खाली ठेवले नाहीत. दुपारी एकला आईने त्यांच्या मुठीतून ते सोडवून घेतले. तळहातावर फाशांच्या कोपऱ्यांचे लाल खळगे पडले होते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी फोन उजळला. पडद्यावर नात होती, शाळेच्या गणवेशातच. ती भडाभडा बोलत होती. मैत्रिणीचा वाढदिवस होता, ती विसरली, खरंच विसरली, रागावलात का. मिस्त्रींना त्यातला शब्दही ऐकू आला नाही. पण तिचे डोळे भरलेले दिसले. त्यांनी हात वर केला आणि फासे दाखवले. तिने नाक पुसले, वाकून तिकडे फासे टाकले आणि सात बोटे वर केली. तिची सोंगटी सात घरे गेली आणि पाण्याच्या टाकीवर थांबली. टाकी आजोबांची होती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि भाडे घेतले नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी काळजी घ्या म्हणून सांगतात. जपा, पुसा, कोरड्या जागी ठेवा. मी तसे काही मागत नाही. मी कपाटावर कोरड्या जागीच होतो आणि तिथेच मला कसर लागली. मला दोन माणसांच्या मध्ये पसरा. माझी घडी फाटली तर फाटू द्या, नोटा झिजल्या तर झिजू द्या. फक्त एक करा. तुमच्या घरात, नाहीतर दुसऱ्या कुठल्या गावात, या घटकेला कोणीतरी फासे मुठीत धरून बसलेले असेल. ते तुम्हाला बोलावणार नाही, तक्रारही करणार नाही. डाव तुमचा आहे. तेवढा खेळून टाका, आणि मग खुशाल जा कुठे जायचे तिथे.